सातव्या पेटीतली बत्तिसावी आकृती

५ जानेवारी

चि. चिमणी,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी साडेनऊला हिच्या संस्थेचा कारकून हातगाडीवरून पेट्या घेऊन आला. अकरा पेट्या. पावतीवर सही केली. त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला. हिची खोली आता दुसऱ्या कोणाला दिली आहे असे त्याच्याकडून कळले. दुपारी पेट्या पुसून भिंतीशी लावल्या. चार वाजता तुझे पत्र आले.

ही जाऊन एकेचाळीस दिवस झाले. मी ठीक आहे. दोन्ही वेळा जेवतो. भाजी जास्त होते, अंदाज अजून जमत नाही.

हिच्या नावाने पुस्तक निघणार आणि त्यात हिच्या निकालाची संपूर्ण मांडणी तू करणार, हे वाचून बरे वाटले. माझे गणित नळाच्या व्यासापलीकडे गेले नाही. पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर आकृत्या काढल्या, तेवढेच येते. हिने मला एकदाच समजावले होते. काही बिंदू घ्यायचे, त्यांच्या टोळ्या करायच्या. कोणतेही दोन बिंदू नेमके एकाच टोळीत एकत्र आले पाहिजेत, आणि सगळी रचना एका ठरावीक तऱ्हेने फिरवली तरी होती तशीच राहिली पाहिजे. "अशी रचना असूच शकत नाही, हे मी दाखवणार," ही म्हणाली. मी म्हटले, नसलेल्या गोष्टीवर इतकी वर्षे? तर म्हणाली, "तुमचे जमिनीखालचे नळ तरी कोणाला दिसतात?"

त्यासाठी सत्तावीस वर्षे लागली. एकूण १९१२ शक्यता निघाल्या. हिने मांडायच्या, मी एकेका कार्डावर त्यांची आकृती काढायची. सारख्या आकृत्यांची कार्डे एका रबरात. गठ्ठ्यातली एक अशक्य ठरली की सगळा गठ्ठा अशक्य. रविवार त्यातच जायचा. दुसरी हौस आम्हाला नव्हती.

कार्डांच्या पहिल्या सात पेट्या उद्या पाठवतो. जपून उघड, रबरे जुनी आहेत.

तुझा,
काका

२४ जानेवारी

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

पेट्या गेल्या आठवड्यात पोचल्या. वर आणून देणारा माणूस धापा टाकत विचारत होता, इतकं जड काय आहे आत? मी म्हटलं, आमच्या बाई आहेत. तो दोन पायऱ्या मागे सरकला. रागावू नका. हा विनोद बाईंना आवडला असता, आणि आता तो सांगायला तुम्हीच आहात.

तुमची कार्डं बघून इथले लोक विचारतात, ही छापून घेतली का. मी सांगते, नाही, बाईंच्या घरातला छापखाना आहे तो, रविवारी चालायचा.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा बाईंनी मला अडीच तास बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं चिवचिवून? आता एक वाक्य खरं बोल." ते एक वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली. त्यावर मला पदवी मिळाली. त्यानंतरचे माझे तिन्ही शोधनिबंध बाईंच्या निकालावर उभे आहेत. तळमजला त्यांचा, वरचे मजले माझे. इथली माझी नोकरी कायम करायची की नाही ते ऑगस्टमध्ये ठरेल, आणि ते याच तीन निबंधांवर ठरेल. तेव्हा पुस्तकातलं माझं प्रकरण चोख व्हायलाच हवं. जूनअखेर छापायला जाईल.

एक शंका. सातव्या पेटीत एकतीस आणि बत्तीस ही कार्डं एका रबरात आहेत. मी ती कशीही फिरवली तरी मला एकसारखी दिसत नाहीत. दोष माझ्या डोळ्यांचा की तुमच्या रबराचा? गठ्ठे कसे लावायचात ते सविस्तर लिहा. तुमच्याच शब्दांत पुस्तकात घालते.

तुमची,
चिमणी

७ फेब्रुवारी

चि. चिमणी,
अ. आ.

दोष तुझ्या डोळ्यांचा. आमच्या धंद्यात डोळ्यांवर विसंबत नाहीत.

रीत अशी. प्रत्येक कार्डाची ट्रेसिंग पेपरवर नक्कल काढायची. दोन नकला खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायच्या. वरची हळूहळू फिरवायची. रेषेवर रेष बसली की सारख्या. नाही बसली, तर वरचा कागद पालथा घालून पुन्हा फिरवायचा. पालथा घातल्यावर बसली तरी सारखीच. ३१ आणि ३२ अशा बसतात, करून बघ.

हे मी हिच्याकडून शिकलो नाही, खात्यातून आणले. नळ रस्त्याच्या या बाजूने बघा की त्या बाजूने, नळ तोच. आम्ही ट्रेसिंग मागून वाचायचो आणि तसाच छापही काढायचो. पहिल्या पेटीच्या वेळी मी हिला म्हटले होते, सारखेपणा तपासायचे माझ्यावर सोड, ते माझे रोजचे काम आहे. ही म्हणाली, "सोडले. तुम्ही मला गणित विचारू नका, मी तुम्हाला नळ विचारणार नाही. संसार असाच टिकतो."

पुस्तकात माझे नाव घालू नकोस. 'एक आरेखक' एवढे पुरे.

थंडी कमी झाली आहे. हिच्या शाली धुऊन ठेवल्या.

काका

२१ मार्च

चि. चिमणी,
अ. आ.

दीड महिना झाला, तुझे पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? पत्र गहाळ झाले असेल तर पुन्हा लिही. मी मागच्या पत्रात काही लागट लिहून गेलो असेन तर ते मनावर घेऊ नकोस.

हिच्या टेबलाच्या खालच्या खणात तीन वह्या सापडल्या. शेवटच्या चार वर्षांतल्या दिसतात. तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी हिने एकाएकी कार्डे बंद केली. "तुमच्या डोळ्यांना ताण होतो, आता पुरे," म्हणाली. त्याच वर्षी संस्था सत्कार करणार होती, त्यालाही नाही म्हणाली. मला वाटले, थकली. रोज जेवणानंतर दार लावून बसायची. मी आत जात नसे.

वह्यांत एकच आकृती आहे. पानोपान तीच. सातव्या पेटीतली बत्तिसावी. कधी उभी, कधी आडवी, भोवती आकडे. इतक्या आकृत्यांतून हिला तीच आवडली असावी. रेघ मात्र हिची कधी सुधारली नाही, पट्टी न घेता काढायची.

शेवटच्या पानावर मोठा तक्ता आहे, आकड्यांच्या ओळी. खाली तारीख आहे, ही जाण्याच्या सव्वा वर्ष आधीची. त्यानंतर पाने कोरी. तक्त्याची हुबेहूब नक्कल सोबत पाठवतो. दिसायला सुबक आहे. पुस्तकात सुरुवातीला चित्र म्हणून शोभेल असे वाटते. तू बघ.

काका

४ एप्रिल

ती. स्व. काका,
सा. न.

उशिराबद्दल माफ करा. तब्येत बरी आहे. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, आणि मी जात्याच आळशी. तुम्ही काहीच लागट लिहिलं नव्हतं.

प्रकरण थोडं लहान करायचं ठरवलंय, त्यामुळे राहिलेल्या चार पेट्या पाठवू नका. उगाच दगदग. गठ्ठ्यांच्या रीतीबद्दलचा मजकूरही जागेअभावी घेता येणार नाही. सातवी पेटी माझ्याकडेच राहू दे. संस्थेने कधी विचारलं, तर वाटेत गहाळ झाली म्हणा.

तक्ता मिळाला. सुबक आहे खरा. चित्र म्हणून नको वाटतं, वाचकांना कळणार नाही.

उन्हात फिरू नका.

चिमणी

२२ एप्रिल

चि. चिमणी,
अ. आ.

दहा दिवसांपूर्वी कारकून पुन्हा आला होता. हिच्या जुन्या खोलीतले कपाट हलवताना मागे पडलेल्या वस्तू सापडल्या म्हणाला. एक छत्री, चष्म्याची डबी, एक वही. ही वही त्या तिघींच्या आधीची आहे. पहिल्या पानावर चार वर्षांपूर्वीची तारीख आणि हिच्या अक्षरात चार ओळी. जशाच्या तशा उतरवतो.

"पालथी चालत नाही.
७/३२ वेगळी आहे.
अशा आणखी किती?
ह्यांना कळू देऊ नये."

मी दोन दिवस त्या ओळी वाचल्या. मग माझ्याकडच्या चार पेट्या काढल्या आणि फक्त फिरवून, पालथे न घालता, सगळे गठ्ठे पुन्हा लावले. एकशे अठरा गठ्ठ्यांत नको ती कार्डे निघाली.

आता मला कळले असे वाटते. साधा नळ मागून बघितला तरी तोच. पण ज्या नळात पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप असते, तो पालथा घातला तर तोच राहत नाही. झडपेची आकृती आम्ही मागून कधीच वाचत नव्हतो. हे मला ठाऊक होते. हिच्या आकृतीत झडप आहे का, हे मी कधी विचारले नाही, कारण गणित विचारायचे नाही असे ठरले होते.

खात्यात तीस वर्षांत मी एकही कागद गहाळ म्हणून लिहिला नाही. तेव्हा तू साहेबाला सांगतात तसे सरळ सांग. आकृती चुकली आहे का? आणि किती?

काका

९ मे

ती. स्व. काका,
सा. नमस्कार.

चुकली आहे.

गणितात गट म्हणजे रचनेवर कोणत्या हालचाली चालतात त्यांची यादी. बाईंच्या गटात फिरवणं आहे, पालथं घालणं नाही. सगळा सांगाडाच एका दिशेचा आहे, तुमच्या झडपेसारखा. तुमचं फेब्रुवारीचं पत्र वाचलं आणि माझ्या हातातला कप टेबलावर ठेवायला मला जागा सापडेना. मी पेट्या पुन्हा लावल्या. चुकीच्या गठ्ठ्यात गेल्यामुळे तपासायच्या सुटलेल्या बहुतेक आकृत्या अशक्यच निघाल्या. बत्तिसावी तशी निघाली नाही.

तुम्ही चित्र म्हणून पाठवलेला तक्ता म्हणजे ती रचना आहे, काका. पूर्ण. मी संगणकावर तपासली, तीन वेळा. नसलेली म्हणून बाईंनी जी सिद्ध केली ती आहे, आणि ती बाईंनीच शोधली. पट्टी न घेता. असं काही हाताने कोणी शोधू शकेल यावर इथे कोणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हाच छापली असती तर त्या निकालाहून ती मोठी ठरली असती. पण छापायची तर आधीचं कसं चुकलं तेही लिहावं लागलं असतं. म्हणून त्यांनी वही मिटली.

त्यांनी मलाही सांगितलं नाही. माझा तिसरा निबंध त्या तक्त्यानंतर छापून आला. तेव्हा बाईंनी मला 'शाबास' एवढंच लिहून पाठवलं होतं. तो कागद माझ्या टेबलासमोर टाचलेला आहे. काढवत नाही आणि बघवत नाही.

आता माझं. मी तुम्हाला खोटं लिहिलं. बाईंचं नाव राहावं म्हणून, तुम्हाला कळू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. अर्धं ते खरं आहे. अर्धं ऑगस्ट आहे. तळमजला गेला तर माझं काय राहतं? पुस्तक जूनअखेर छापायला जाईल, कोणी तपासणार नाही. पेट्या कोणी तपासलेल्या नाहीत, आणि वह्यांत काय आहे ते तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल ते करीन. हे तुमच्यावर टाकणं बरं नव्हे, पण माझ्याच्याने ठरत नाही.

चिमणी

१८ मे

चि. चिमणी,
अ. आ.

आमच्याकडे चुकलेली आकृती फाडत नाहीत, लपवतही नाहीत. तिच्यावर 'रद्द' असा शिक्का मारतात, तारीख घालतात आणि नवी आकृती तिच्याबरोबर बांधून ठेवतात. नाहीतर पुढचा माणूस जुनीवरून खणतो. तूही तसेच खणलेस, तीन मजले बांधून झाले तरी तुला कोणी सांगितले नाही. हिने ते करायला नको होते. हिच्याविरुद्ध असे वाक्य मी पहिल्यांदा लिहीत आहे.

चारही वह्या सोबत पाठवतो. रचना हिच्या नावाने छाप, तारखेसह. गठ्ठे मी कसे लावले त्याचे निवेदन वेगळ्या कागदावर सही करून जोडले आहे. त्यात 'एक आरेखक' लिहिलेले नाही, माझे नाव लिहिले आहे. तुझ्या ऑगस्टचे वाईट वाटते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

हिला काय वाटले असेल, मी मोडून पडेन? साहेब आठ दिवसांचे काम टेबलावरून परत सरकवतात आणि आम्ही ते पुन्हा काढायला बसतो, अशी माणसे आम्ही. मी चार दिवस नीट जेवलो नसतो. मग नवी कार्डे आणली असती.

तक्ता झाल्यावर पाने कोरी आहेत. त्यानंतरही ही सव्वा वर्ष रोज दार लावून बसत होती. आत काय करत होती, हे आता कोणाला विचारू?

काका

६ जून

ती. स्व. काका,
सा. न.

वह्या पोचल्या. त्याच दुपारी मी सगळं लिहून पुस्तकाच्या संपादकांकडे गेले. त्यांनी वाचलं, मग ड्रॉवरमधून एक छापील निबंध काढून माझ्यासमोर ठेवला. लिहिणारे दोन तरुण आहेत, मी त्यांना ओळखत नाही. संगणक अकरा आठवडे चालवून त्यांनी तीच रचना शोधली. २८ मेला छापून आलं. ओळी बाईंच्या तक्त्यातल्याच, क्रम वेगळा.

पहिल्याच परिच्छेदात बाईंचं नाव आहे. अमुक यांचा दावा चुकीचा आहे, एवढंच. खालच्या टिपेत माझे तीन निबंध आहेत, "यामुळे हेही बाद होतात" म्हणून.

वह्यांचं मी सांगितलं. संपादक म्हणाले, "तारखा घरच्या वहीतल्या. मी मानीन, दुसरे का मानतील? आणि त्यांना माहीत होतं तर त्या गप्प का बसल्या, याचं उत्तर तुम्ही छापणार का?" माझ्याकडे उत्तर होतं. ते छापण्यासारखं नव्हतं. तुमचं निवेदनही त्यांनी परत दिलं, अशी गोष्ट छापत नाहीत म्हणाले. पुस्तकातून माझं प्रकरण काढलं. आता पुस्तक निघेल असं वाटत नाही.

तक्ता माझ्या हातात मार्चअखेर आला होता. मी एप्रिलमध्ये तुम्हाला परीक्षांचं सांगितलं. तेव्हाच गेले असते तर बाई पहिल्या ठरल्या असत्या, आणि वेळ होता. हे मी रोज मोजते. बाईंनी चार वर्षं घालवली, मी दोन महिने.

ऑगस्टची वाट बघायचं कारण उरलं नाही. मी जागा सोडतेय. एका शाळेत शिकवायचं मिळतंय, वर्षभराचं.

तुम्ही मला चिमणी म्हणणं बंद केलंत तरी मी समजून घेईन.

चिमणी

२७ जून

चि. चिमणी,
अ. आ.

पत्र वेळेवर मिळाले. उत्तराला उशीर झाला तो माझ्यामुळे, टपालामुळे नाही.

संस्थेत जाऊन आलो. जिन्याजवळच्या फलकावर हिच्या नावाखाली निकालाची एक ओळ होती. ती ओळ पुसली आहे, नाव ठेवले आहे. कारकून म्हणाला, नाव पुसायचे पत्र अजून आले नाही. चांगला माणूस आहे, त्याला वाटले मला बरे वाटेल.

तुझ्यावर माझा राग नाही. हिच्यावरही नाही. शोधून पाहिला, सापडत नाही. तुम्ही दोघींनी मला काचेच्या भांड्यासारखे जपले. मी काचेचा नव्हतो, एवढेच तुम्हाला माझ्याकडून कळले नाही. तेव्हा तीही माझीच उणीव.

एक गोष्ट आठवली, ती तुलाच लिहितो. गेल्या वर्षीची, उन्हाळ्यातली. मी न्हाणीघरात स्टुलावर चढून नळाचा सांधा बसवत होतो. ही दार उघडून आली आणि म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का?" मी म्हटले, "थांब, आधी तो पाना दे." हिने पाना दिला. मग मी खाली उतरेपर्यंत स्टूल धरून उभी राहिली, पाच-सात मिनिटे. उतरल्यावर मी हात पुसत विचारले, "काय सांगत होतीस?" ही म्हणाली, "काही नाही. मीठ संपलंय." मी मीठ आणायला गेलो.

तेव्हा मी ऐकून घेतले असते तर काय झाले असते, हे तू मोजू शकशील. मी मोजत नाही. मला येत नाही.

शाळेत जाणार हे ठीक. मुलांना बोलू देत जा. तुला चिमणी नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? दुसरे नाव मला ठाऊक आहे, पण ते तोंडात बसत नाही.

पेट्या परत पाठवायची खटपट करू नकोस. इथे जागा आहे, पण काम नाही.

हे लिहिताना मध्येच उठावे लागले. सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून गादी गच्चीवर उन्हात टाकली होती, आणि ऊन उतरले. गादी दोघांची आहे. एका टोकाला धरली की दुसरे टोक जमिनीला लागते. मधोमध धरून उचलून पाहिली, जिन्यात वळेना. शेवटी खाली सोडली आणि एकेक पायरी करत ओढत घरात आणली. धूळ लागली आहे. आता ती झटकतो.

काका